पेंढा, बुरशी आणि वैरण : एका अपूर्ण प्रयत्नाचा अभ्यास

सुगी संपली की शिवारात धान्याहून अधिक वजनाचे काही तरी मागे उरते. कोकणात व झाडीपट्टीत भाताचा पेंढा, मराठवाड्यात ज्वारीचा कडबा व सोयाबीनचे भुसकट, विदर्भात तुरीचे कुटार व कपाशीची पऱ्हाटी, पश्चिम महाराष्ट्रात उसाचे वाढे व पाचट. यांपैकी कडब्यासारखे काही जपून गंजीला लागते, काही चुलीत जाते आणि उरलेले बांधावर पेटवून दिले जाते. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, वैशाखाच्या उन्हात, त्याच गावात जनावरांच्या बरगड्या मोजता येतील अशी स्थिती येते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. अलीकडच्या दुष्काळांतील चारा छावण्या तर आपल्या माजी विद्यार्थ्यांनीही पाहिल्या आहेत.

एकीकडे जळणारे काड आणि दुसरीकडे उपाशी गव्हाण, ही विसंगती जगातील अनेक देशांना पडलेले कोडे आहे. त्यावर सुचवण्यात आलेल्या उपायांपैकी एक मोठा विलक्षण आहे : पेंढ्यावर निवडक बुरशी वाढवायची, तिच्याकडून त्याचे कठीण बंध सैल करून घ्यायचे आणि तो जनावराला घालायचा. या उपायामागील विज्ञान, त्याचा इतिहास, त्याचा हिशोब आणि त्याच्या मर्यादा यांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक इतिहासाचा शिक्षक आहे, पशुवैद्य नव्हे. म्हणून हा लेख औषधाची चिठ्ठी न समजता अभ्यासाचा पाठ म्हणून वाचावा, ही विनंती.

१. पेंढ्यात अन्न असते, पण कुलूपबंद

पेंढा निकस असतो असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. पेंढ्याचा फार मोठा भाग सेल्युलोज व हेमिसेल्युलोज या पदार्थांचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. ज्या ग्लुकोजपासून ज्वारीच्या दाण्यातील पीठ बनते, त्याच ग्लुकोजपासून ज्वारीचे ताटही बनते. फरक असतो तो कण परस्परांना जोडण्याच्या पद्धतीत. दाण्यातील साखळी आपल्या पोटात तुटते, ताटातील तुटत नाही. म्हणजे ऊर्जा पेंढ्यातही भरपूर आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण लिग्निन या तिसऱ्या पदार्थाची आहे. वनस्पतीला ताठ उभे ठेवणारा हा पदार्थ. सिमेंट-काँक्रीटच्या खांबात सळ्यांभोवती जसे सिमेंट बसते, तसे सेल्युलोजच्या धाग्यांभोवती लिग्निन बसलेले असते. पीक जसे पक्व होते तसे लिग्निन वाढत जाते. म्हणूनच कोवळी वैरण जनावर चवीने खाते आणि वाळलेले ताट चघळून टाकते. भाताच्या पेंढ्यात यांच्या जोडीला सिलिकाही अधिक असते. परिणाम असा की, पेंढ्याचा साधारण निम्मा भागच जनावराला पचतो. कधी त्याहूनही कमी.

दुसरी उणीव प्रथिनांची. भाताच्या पेंढ्यात वा गव्हाच्या भुसकटात प्रथिने शेकडा ३ ते ४ इतकीच असतात. जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवांना नीट काम करायचे तर वैरणीत निदान शेकडा ७ च्या आसपास प्रथिने असावी लागतात. केवळ पेंढ्यावर ठेवलेल्या गाईच्या पोटात चारा भरलेला असतो आणि तरीही ती उपाशी असते, याचे कारण हे.

२. जनावराच्या पोटातील बुरशी

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे रूमेन. ते एक आंबवण्याचे जिवंत पिंपच आहे. गाय स्वतः गवत पचवत नाही. तिच्या पोटातील कोट्यवधी सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि त्यांनी तयार केलेल्या आम्लांवर व खुद्द त्यांच्या देहांवर गाय जगते.

या सूक्ष्मजीवांत जिवाणू व आदिजीव असतात हे पूर्वीपासून ठाऊक होते. १९७५ साली इंग्लंडमधील संशोधक कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवून दिले की, रूमेनमध्ये पोहणारे जे सूक्ष्म जीव आजवर आदिजीव म्हणून गणले जात होते, त्यांतील काही प्रत्यक्षात बुरशीची बीजुके आहेत. प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असू शकते, यावर तेव्हा सहजासहजी विश्वास बसण्याजोगा नव्हता. ही बुरशी चाऱ्याच्या तुकड्यांत आपले तंतू खुपसते, त्यांना फोडते आणि जिवाणूंना आत शिरायला वाट करून देते.

तरीही लिग्निनचे कुलूप तिला उघडता येत नाही. लिग्निन मोडण्याची क्रिया ही एक प्रकारे मंद ज्वलनाची क्रिया आहे आणि ज्वलनाला प्राणवायू लागतो. रूमेनमध्ये प्राणवायू जवळजवळ नसतो. निष्कर्ष सरळ आहे : लिग्निन तोडायचे असेल तर ते काम जनावराच्या पोटाबाहेर, हवेत, चारा गव्हाणीत पडण्यापूर्वी झाले पाहिजे. मुरघास करताना आपण हिरवा चारा हवाबंद करून आंबवतो. ते काम जिवाणूंचे असते आणि त्याने चारा टिकतो, पण लिग्निन तसेच राहते. बुरशीचा मार्ग याच्या उलट आहे. तिला हवा द्यावी लागते.

निसर्गात हे काम करणाऱ्या बुरशींचा एक विशिष्ट वर्ग आहे. जंगलात पडलेले लाकूड पाहा. काही लाकडे कुजून तपकिरी होतात व हातात चुरा होतो. तेथे बुरशीने सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे ठेवलेले असते. काही लाकडे कुजून पांढरी, मऊ व धागेदार होतात. तेथे बुरशीने लिग्निन खाल्लेले असते. पहिल्या प्रकारची बुरशी वैरणीच्या कामाची नाही, कारण जनावराचे अन्न तीच फस्त करते. दुसऱ्या, म्हणजे श्वेतकुज बुरशीतील ज्या जाती लिग्निन अधिक व सेल्युलोज कमी खातात, त्याच आपल्या उपयोगाच्या. धिंगरी अळिंबी ही याच वर्गातील. या बुरशी कोणत्या विकराने लिग्निन तोडतात याचा मोठा उलगडा १९८३ साली झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत टी. केंट कर्क व मिंग टिएन यांनी अशा एका बुरशीतून लिग्निन तोडणारे विकर वेगळे केले.

३. चिलीच्या अरण्यातील शेतकऱ्यांचे ज्ञान

विज्ञानाला १९८३ साली जे कळले, त्याचा उपयोग दक्षिण अमेरिकेतील शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून करीत होते. चिली देशाच्या दक्षिण भागात आणि चिलोए बेटावर थंड, पावसाळी अरण्ये आहेत. तेथे पडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर बुरशी वाढते आणि काही लाकूड पांढरे, ओलसर, मऊ होऊन जाते. स्थानिक लोक त्याला 'पालो पोद्रिदो' म्हणतात; शब्दशः अर्थ, कुजलेले लाकूड. चारा कमी पडला की हे लाकूड गुरांना घालण्याची तेथे रीत आहे, आणि गुरे ते खातात. फेदेरिको फिलिप्पी यांनी १८९३ साली याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९८० च्या सुमारास जर्मन व चिलीयन संशोधकांनी या लाकडाचा अभ्यास केला, तेव्हा बुरशीने त्यातील लिग्निन मोठ्या प्रमाणात काढून टाकल्याचे आणि साध्या लाकडाच्या तुलनेत त्याची पचनीयता पुष्कळ वाढल्याचे आढळले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. लाकूड हा गाईचा आहार होऊ शकतो, हे प्रथम ज्यांनी ओळखले त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. ग्रंथात आले ते नोंद करणाऱ्याचे नाव. ज्ञानाचा इतिहास लिहिताना नोंद करणारा व जाणणारा यांत भेद करायला शिकले पाहिजे. आपल्याकडील पशुपालकांच्या, शेतमजुरांच्या आणि चारा कापणाऱ्या स्त्रियांच्या ज्ञानाबाबतही हेच घडले आहे.

४. युद्ध, नाकेबंदी आणि कारखाने

बुरशीला कामाला लावण्याची विद्या पूर्व आशियात फार जुनी आहे. जपानमध्ये तांदूळ व सोयाबीन आंबवण्यासाठी 'कोजी' नावाची बुरशी शतकानुशतके वापरली जाते. इंडोनेशियाच्या पश्चिम जावा भागात शेंगदाण्याचे तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीवर नारिंगी बुरशी वाढवून 'ओंचोम' हा खाद्यपदार्थ करतात. जी पेंड आपण म्हशीच्या आंबोणात घालतो, ती तेथे बुरशीच्या मदतीने माणसाच्या ताटात येते. जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर कोजी वाढवून तिच्यातून पाचक विकर काढले आणि १८९४ साली त्याचे पेटंट मिळवले. कोंड्यासारख्या स्वस्त पदार्थावर बुरशी वाढवून उद्योग उभा राहू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

पशुखाद्याच्या बाबतीत खरी निकड निर्माण केली ती युद्धाने. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत बाहेरून येणारी पेंड व धान्य बंद झाले. तेव्हा बर्लिनमधील संशोधकांनी मळी व अमोनियम क्षार यांवर यीस्ट वाढवून ते पशुखाद्यात वापरण्याचा मार्ग पुढे आणला. यीस्ट हीसुद्धा एकपेशीय बुरशीच होय. दुसऱ्या महायुद्धातही जर्मनीने लाकडापासून मिळवलेल्या साखरेवर यीस्ट वाढवले. पुढे १९७० च्या दशकात फिनलंडमध्ये कागद गिरणीच्या सांडपाण्यातील साखरेवर तंतुमय बुरशी वाढवून 'पेकिलो' नावाचे पशुखाद्य कारखान्यात तयार होऊ लागले, आणि सुमारे दीड दशक ते चालले.

या उदाहरणांतून एक समान सूत्र दिसते. आयात पेंड स्वस्त असते तोवर बुरशीकडे कोणी पाहत नाही. ती महागली वा बंद झाली की प्रयोगशाळांचे दिवे रात्रभर जळू लागतात. मात्र हे सर्व उद्योग भांडवल, वीज आणि निर्जंतुक टाक्या असलेल्या देशांचे होते. दोन एकरांचा शेतकरी आणि एका म्हशीवर घर चालवणारी मजूर स्त्री यांना पोलादी टाकी परवडणारी नव्हती. त्यांच्यासाठी निराळा विचार हवा होता, आणि तो आपल्या देशात झाला.

५. कर्नालचा प्रयोग

हरियाणातील कर्नाल येथे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. १९८० च्या दशकात तेथे पेंढा सुधारण्याची एक दुहेरी पद्धत विकसित झाली. पीक-अवशेषांच्या जैविक रूपांतरावरील भारत-नेदरलँड्स सहकार्य प्रकल्पातही तिचा अभ्यास झाला. अभ्यासकांत ती 'कर्नाल प्रक्रिया' म्हणून ओळखली जाते.

तिची पहिली पायरी युरियाची. आजही कृषी विस्तार अधिकारी ही पायरी स्वतंत्रपणे शिकवतात : १०० किलो वाळलेल्या पेंढ्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, पेंढा दाबून हवाबंद झाकायचा आणि तीन आठवडे ठेवायचा. युरियापासून अमोनिया तयार होतो. तो पेंढ्याचे बंध काहीसे सैल करतो आणि नत्रही पुरवतो.

या नत्राचा हिशोब विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा. युरियात शेकडा ४६ नत्र असते. ४ किलो युरियात ते १.८४ किलो झाले. नत्राला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा ढोबळ आकडा मिळतो : ११.५ किलो. १०० किलो पेंढ्यात मुळात ४ किलो प्रथिने धरली तर बेरीज १५ च्या वर जायला हवी. प्रत्यक्षात प्रक्रिया केलेल्या पेंढ्यात ती ७ ते ८ च्या आसपास भरते. उरलेल्या नत्राचे काय झाले? झाकण उघडताच नाकाला झोंबणारा जो वास येतो, त्या वासाबरोबर ते हवेत निघून गेले. शेतकऱ्याने पैसे देऊन आणलेल्या खताचा मोठा भाग असा उडून जातो.

कर्नालच्या संशोधकांनी नेमका येथेच विचार केला. हा उडून जाणारा अमोनिया बुरशीने धरून ठेवला आणि त्याचे स्वतःच्या देहातील प्रथिन केले तर? पण अमोनियाच्या उग्र वातावरणात बहुतेक बुरशी तग धरत नाहीत. त्यांनी निवडली ती कोप्रायनस वर्गातील बुरशी. शेणावर, उकिरड्यावर पावसाळ्यात उगवणारी आणि दिवस मावळायच्या आत काळ्या शाईसारखी वितळून जाणारी जी नाजूक छत्री आपण लहानपणी पाहतो, ती याच कुळातील. शेणात अमोनिया असतोच. म्हणून ती त्याला सरावलेली. दुसऱ्या पायरीत युरिया-प्रक्रिया झालेल्या पेंढ्यात काही क्षार मिसळून तिचे विरजण लावायचे आणि काही दिवस हवेशीर आंबू द्यायचे, अशी ही योजना होती. अमोनियामुळे एक अधिकचा लाभही होता : इतर नको असलेल्या बुरशींना तो आपोआप रोखत असे, त्यामुळे पेंढा वाफेने निर्जंतुक करण्याचा खर्च टळत होता. उकिरड्यावरच्या उपेक्षित छत्रीला प्रयोगशाळेने दिलेला हा मान होता.

६. हिशोबाची कसोटी

कल्पना सुंदर असली तरी तिची परीक्षा तराजूवर होते. बुरशी ही काही फुकटची मजूर नाही; तीही पेंढ्यावरच जगते. पेंढ्याचा काही भाग ती श्वासोच्छ्वासात जाळते आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. हे नुकसान लक्षात न घेता काढलेले निष्कर्ष फसवे असतात. ते कसे, हे दोन काल्पनिक पण सोप्या उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण प्रथिनांचे. १०० किलो पेंढा, त्यात ४ किलो प्रथिने, म्हणजे शेकडा ४. बुरशीने २० किलो पेंढा जाळला, ८० किलो उरला. प्रथिने तेवढीच, ४ किलो. पण आता प्रमाण शेकडा ५ झाले. प्रमाण वाढले म्हणून आनंद मानावा, तर गोठ्यात एक ग्रॅमही प्रथिन नव्याने आलेले नाही. बुरशी नत्र निर्माण करीत नाही. ते बाहेरून दिले तरच वाढते.

दुसरे उदाहरण पचनीयतेचे. मूळ पेंढा शेकडा ४० पचत असेल, तर १०० किलोंतून जनावराला ४० किलो मिळाले. आंबवल्यावर पचनीयता शेकडा ५० झाली, पण पेंढा ८० किलोच उरला, तर मिळाले पुन्हा ४० किलोच. सारी मेहनत वाया! मात्र नुकसान १० किलोंवर रोखता आले, तर ९० किलोंचे शेकडा ५० म्हणजे ४५ किलो मिळतात. म्हणजे बुरशी कोणती निवडायची आणि तिला कोणत्या दिवशी थांबवायचे, यावर नफा-तोटा ठरतो.

पहिल्या हिशोबातही एक बाजू मात्र जमेची आहे. जनावराच्या पोटाला आकारमानाची मर्यादा असते. दिवसाला ५ किलोच पेंढा खाऊ शकणाऱ्या गाईला शेकडा ४० ऐवजी ५० पचणारा पेंढा मिळाला, तर तिला २ किलोंऐवजी अडीच किलो अन्न मिळते. ज्या गावात पेंढा जाळला जातो, तेथे हे नुकसान सोसूनही लाभ होईल. ज्या गावात कडबा पेंढीवर मोजून विकत घ्यावा लागतो, तेथे होणार नाही. एकच तंत्र दोन गावांत दोन निरनिराळी उत्तरे देते.

कर्नाल प्रक्रिया आपल्या खेड्यांत रुजली नाही, त्याची कारणे या हिशोबातच आहेत. पेंढ्याची घट, ओलावा व हवा यांचा रोजचा सांभाळ, शुद्ध विरजणाची उपलब्धता आणि लागणारे श्रम, या सर्वांच्या तुलनेत मिळणारा लाभ शेतकऱ्याला पुरेसा वाटला नाही. पुढील काळात नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठासह अनेक ठिकाणी, सेल्युलोज फारसे न खाता लिग्निन तोडणाऱ्या निवडक बुरशींवर संशोधन झाले. परिणाम आशादायक आहेत; पण ही बुरशी सावकाश वाढते, काही आठवडे घेते आणि पेंढा आधी निर्जंतुक करावा लागतो. प्रयोगशाळेपासून गोठ्यापर्यंतचे अंतर अजून सरलेले नाही.

७. प्रत्येक बुरशी मित्र नसते

या लेखातून कोणी 'बुरशी आलेला पेंढा चांगला' असा अर्थ घेतला, तर तो घातक ठरेल. म्हणून हा भाग पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता कारण सापडले ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. त्या पेंडीवर अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने विष निर्माण केले होते. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासीबहुल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पावसात भिजलेले धान्य टाकून देणे ज्यांना परवडत नव्हते, तीच माणसे मेली. दुभत्या जनावराने अफ्लाटॉक्सिनयुक्त पेंड खाल्ली तर त्या विषाचा अंश दुधातही उतरतो.

पेंढ्यापुरते बोलायचे तर पंजाबातील 'देगनाला' रोगाचे उदाहरण पुरेसे आहे. फाळणीपूर्व पंजाबातील देग नाला परिसरावरून त्याला हे नाव मिळाले. भिजून बुरशी आलेला भाताचा पेंढा खाल्ल्याने, विशेषतः म्हशींच्या शेपटीचे टोक, कान व खूर सडतात. फ्युजेरियम जातीच्या बुरशींच्या विषाशी त्याचा संबंध जोडला जातो. ही बुरशी पुष्कळदा पांढरी वा गुलाबीसर दिसते. म्हणून 'काळी-हिरवी ती वाईट, पांढरी ती चांगली' हा समजही धोक्याचा आहे. रंग हा पुरावा नव्हे. ज्ञात बीज, स्वच्छ पेंढा आणि जाणकाराची देखरेख, या तिन्ही गोष्टी असतील तरच आंबवलेला पेंढा. अन्यथा बुरशी दिसलेली वैरण खतात टाकावी. युरिया प्रक्रियेबाबतही तेवढीच दक्षता हवी : सहा महिन्यांखालील वासरांना तसा पेंढा घालू नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागेल असे कधीही ठेवू नये.

८. अळिंबीच्या मार्गाने

सामान्य कुटुंबाला आज साध्य होईल असा एक मार्ग मात्र आहे, आणि तो धिंगरी अळिंबीच्या लागवडीतून जातो. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ पासून अळिंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र कार्यरत आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही या विषयावर काम चालते. कुट्टी केलेला पेंढा भिजवून, गरम पाण्यात काढून, थंड झाल्यावर त्यात बियाणे मिसळून पिशव्या भरतात. दोन-तीन आठवड्यांत पांढरे तंतू पेंढा व्यापतात व पुढे अळिंबी येते. कोरड्या पेंढ्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ताजी अळिंबी चांगल्या व्यवस्थापनात मिळू शकते.

येथे मुख्य उत्पन्न अळिंबीचे. उरलेला, काहीसा मऊ झालेला पेंढा हा दुय्यम लाभ. बुरशीने जमवलेली प्रथिने अळिंबीबरोबर घरात आलेली असतात, म्हणून उरलेल्या पेंढ्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये. कोरड्या वैरणीचा थोडा भाग म्हणून, हळूहळू सवय लावून तो देता येतो. एक अट मात्र कटाक्षाने पाळावी. पुष्कळ ठिकाणी पेंढा निर्जंतुक करण्यासाठी कार्बेन्डाझिम व फॉर्मॅलिन ही रसायने वापरतात. तसा पेंढा जनावराला घालू नये; केवळ गरम पाण्याने निर्जंतुक केलेलाच घालावा. हिरवे-काळे डाग पडलेल्या पिशव्या सरळ खताच्या खड्ड्यात जाव्यात.

९. टाकाऊ कोणासाठी?

आता अखेरचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. शास्त्रीय लेखनात 'पीक-कचरा' हा शब्द सर्रास येतो. पण कचरा कोणाचा? ज्याच्या खळ्यावर रास पडते त्याच्या दृष्टीने जे टाकाऊ, ते भूमिहीनाच्या दृष्टीने चुलीचे जळण, झोपडीचे छप्पर आणि शेळीची वैरण असते. गावगाड्यात बलुत्याचा वाटा खळ्यावर धान्याच्या व पेंढ्यांच्या रूपाने मिळत असे. सुगीनंतर सरवा वेचायला जाणाऱ्या स्त्रियांचा हक्क कोणत्याही दप्तरात नोंदलेला नव्हता. उद्या बुरशीच्या तंत्राने पेंढ्याला कारखान्याचा भाव आला, तर शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतील हे खरे. पण ज्यांना तो आजवर फुकट वा अल्प मोलात मिळत होता, त्यांची शेळी काय खाईल, हाही हिशोब मांडला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही, हे केवळ त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही; ती कसण्यासाठी श्रम व भांडवल किती उपलब्ध आहे यावर ते अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पशुधनाला हाच विचार लावून पाहावा. आपल्या देशात जमिनीची मालकी जितकी विषम आहे, तितकी पशुधनाची नाही. ज्याच्याकडे गुंठाभर रान नाही त्याच्या दारातही शेळ्या असतात, म्हैस असते. अशा घराचे भांडवल म्हणजे ते जनावर, आणि त्या भांडवलाचे आयुष्य वैरणीवर अवलंबून. म्हणून पेंढ्याची पचनीयता शेकडा ४० वरून ५० वर जाणे हा त्या घरातील मुलांच्या वह्या-पुस्तकांचा प्रश्न आहे. त्याचबरोबर, पेंढा भिजवणे, उलथणे, झाकणे हे काम बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येते. तिच्या दिवसाचे दोन तास वाढवून म्हशीचे पाव लिटर दूध वाढत असेल, तर ती प्रगती कोणाची, हेही विचारावे लागेल.

समारोप

बुरशीने पेंढ्याची वैरण करण्याचा प्रयत्न अद्याप अपूर्ण आहे. चिलीच्या अनामिक गुराख्यांपासून कर्नालच्या प्रयोगशाळेपर्यंत अनेकांनी त्याला हातभार लावला. तो पूर्ण करणारे हात कदाचित आपल्यासारख्या निवासी शाळांतूनच निघतील. कारण कडब्याची पेंढी किती जड असते आणि उन्हाळ्यात ती किती महाग होते, हे येथील मुलांना पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नाही. कृषी, पशुवैद्यक व सूक्ष्मजीवशास्त्र या शाखांत गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारात गरम पाण्याच्या पद्धतीने अळिंबीच्या दहा पिशव्यांचा प्रयोग मांडून द्यावा. मुलांनी पेंढा आधी व नंतर वाळवून तोलावा, अळिंबी तोलावी, लागलेले तास मोजावेत आणि आलेला हिशोब, तोटा निघाला तरी, फलकावर लिहावा. विज्ञान, गणित आणि समाजशास्त्र हे तीन तास त्या एका फलकासमोर एकत्र घेता येतील.

स्वाध्याय

१. लिग्निन तोडण्याचे काम गाईच्या पोटात का होत नाही?

२. १०० किलो पेंढा आंबवल्यावर ८५ किलो उरला आणि पचनीयता शेकडा ४२ वरून ५२ झाली. जनावराला मिळणारे अन्न किती किलोंनी वाढले?

३. प्रथिनांचे 'प्रमाण वाढणे' आणि 'प्रथिने वाढणे' यांत फरक काय?

४. आपल्या गावात सुगीनंतर उरणाऱ्या काडाचे कोण काय करते, याची घरोघरी जाऊन नोंद करा. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा.